मनोच्या वतीनं कोण बोलणार? एका बाप्तिस्म्यानंतरचं प्रकरण

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावात एका आईचा आणि तिच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. दोघींचा एकाच दिवशी. आई पंचवीस वर्षांची, लेक अडीच. आई पंडिता रमाबाई, लेक मनोरमा, लाडाची ‘मनो’.

त्या विधीतल्या एका साध्या फरकाकडे माझं लक्ष नेहमी जातं. प्रौढ माणसाला पाळक थेट प्रश्न विचारतात आणि त्यानं आपल्या तोंडानं उत्तर द्यायचं असतं. बाळाला काय विचारणार? इंग्लंडच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, जुन्या प्रार्थनापुस्तकात बाळाच्या वतीनं उत्तरं देतात ती धर्ममाता-धर्मपिता मंडळी. सैतानाला सोडतोस का, हे सगळं मानतोस का, या प्रश्नोत्तरांत जन्मदात्यांना जागाच नाही. शेवटी पाळक त्या धर्ममाता-धर्मपित्यांनाच बजावतात, की या लेकराला मतांगीकार (आपण काय मानतो ते सांगणारं ठरावीक निवेदन), प्रभूची प्रार्थना आणि दहा आज्ञा लोकांच्या बोलीत शिकवा, आणि ख्रिस्ती माणसाला जे जे ठाऊक असायला हवं तेही शिकवा. म्हणजे त्या दिवशी रमाबाई बोलल्या त्या स्वतःपुरत्या. पुढे दोन वर्षांत जे भांडण पेटलं त्याची ठिणगी इथंच पडली होती, असं मला वाटतं.

हे प्रकरण मी इतक्या वेळा सांगितलंय की आता जवळपास पाठ झालंय. आमच्या मंडळीत बाळाच्या बाप्तिस्म्याआधी आईवडिलांना दोन संध्याकाळ बसवतात. बरीच वर्षं शब्बाथशाळा, म्हणजे मुलांची रविवारची धर्मशिक्षणाची शाळा, घेतल्यावर हा वर्ग माझ्याकडे आला. चहा, बिस्किटं, कडेवर रडणारी पोरं, आणि दर खेपेला ठरलेले दोन प्रश्न. पहिला प्रश्न तरुणांचा असतो: “मोठी झाल्यावर तिचं ती ठरवेल, आत्तापासून कशाला?” दुसरा बरोबर आलेल्या आजीचा: “आमच्या वेळी असं विचारायची सोय होती का?” गेल्या वेळी मात्र एका तरुण बापानं तिसराच प्रश्न काढला. बायको बाळाला घेऊन बाहेर गेल्यावर तो हळूच म्हणाला, “टीचर, मला स्वतःलाच सगळं पटत नाही. मग पोरीला मी काय शिकवू?”

अगदी हाच पेच चेल्टनहॅममध्ये रमाबाईंपुढे होता. म्हणून त्याला मी मनोची गोष्ट सांगितली.

रमाबाईंचं आधीचं आयुष्य बहुतेकांना शाळेतल्या धड्यापुरतं माहीत असतं. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. रमाबाई भावाबरोबर देशभर पायी हिंडल्या, आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी, लग्नही नोंदणी पद्धतीनं. १६ एप्रिल १८८१ ला मनोरमा झाली. मुलीला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीनं नवरा गेला.

यातली एकच गोष्ट या प्रकरणाला लागते. बाई पुण्यात आल्या तेव्हा त्यांच्यामागे ना माहेर होतं, ना सासर, ना जात. मुलगी कोणत्या रीतीत वाढवायची हे सांगणारं घरात एकही वडीलधारं माणूस नव्हतं. पुण्यात आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं, त्याच्या विक्रीतून वाटखर्च उभा केला आणि डॉक्टर व्हायचं मनात धरून १८८३ मध्ये त्या विलायतेला गेल्या. कान कमी ऐकू येत असल्यानं डॉक्टरकी राहिली. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच वर्षी वाँटेजला आत्महत्या केली. परक्या गावात मराठी बोलायला उरली ती अडीच वर्षांची मनो. बाप्तिस्मा झाला तो असा, या दुःखाला लागूनच.

वाँटेजला त्यांना आसरा देणाऱ्या धर्मभगिनी सेंट मेरी द व्हर्जिन या मठाच्या. १८४८ मध्ये सुरू झालेला हा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा, मठ. त्यांचं काम पुण्यातही होतं, ओळख तिथूनच झाली. या मठातल्या सिस्टर जेराल्डिन रमाबाईंच्या आध्यात्मिक माता झाल्या. रमाबाई पत्रांत त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. इंग्रजी पत्रात मधेच ‘आजीबाई’ वाचलं की मला आजही गंमत वाटते. रक्ताचं कुणी उरलं नव्हतं, तर बाईंनी नातंच बनवून घेतलं. आणि आजी एकदा आजी झाली की नातवंडावर हक्क सांगणार, हे मराठी घरात वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

१८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायला गेल्या, तिथं संस्कृतही शिकवू लागल्या. मनोचा बराच काळ वाँटेजला धर्मभगिनींपाशी गेला. व्यवस्था सोयीची होती. पण तिचा अर्थ असा, की लेकराला न्हाऊ-माखू घालणार, झोपवणार आणि झोपताना हात जोडायला लावणार त्या धर्मभगिनी. आणि आई पत्र लिहिणार.

पहिली भांडणं मुलीवरून झालीच नाहीत. ती ताटावरून झाली. रमाबाई शाकाहारी राहिल्या, अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा खाईनात. जेराल्डिनना त्यात जातीचा अभिमान दिसला. ख्रिस्ती झाली तरी बामणपण सुटत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख. रमाबाईंनी उत्तर दिलं ते मुळातून वाचण्यासारखं आहे. मला हिंदू म्हणवून घ्यायला आवडतं, कारण मी आहेच; जिथवर जमतं तिथवर पूर्वजांच्या चालीरीती पाळते. एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला आली आणि तिनं आपल्या निरुपद्रवी सवयी सोडल्या नाहीत, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हटलेलं तिला चालेल का? दुसरा वाद क्रुसावरच्या अक्षरांचा. क्रुसावर लॅटिन कशाला, आमच्या जुन्या संस्कृतापेक्षा लॅटिनमध्ये असं काय जास्त पवित्र आहे, असा रमाबाईंचा सवाल. तिसरा वाद पुरुषांना शिकवण्याचा. हिंदुस्थानातल्या बिशपांना ते अनुचित वाटलं. ज्या बाईनं भर सभेत शास्त्र्यांपुढे संस्कृतात भाषणं केली होती तिला हे ऐकून काय वाटलं असेल, ते सांगायला नको.

हे वरवर किरकोळ वाटतं. पण मुलांच्या ख्रिस्ती वाढीबद्दल बोलताना आपण इथंच नेहमी घसरतो, म्हणून इथं थोडी रेंगाळते. श्रद्धा काय आणि श्रद्धेबरोबर आलेली पाहुण्याची सामानसुमानाची पेटी काय, हे वेगळं करणं सोपं नसतं. जेराल्डिनच्या लेखी पुडिंग, लॅटिन आणि ख्रिस्त हे एकाच पेटीतले. रमाबाई पेटी उघडून एकेक वस्तू बाहेर काढत होत्या आणि विचारत होत्या, ही प्रभूची की तुमची? आमच्याकडे आजही नाताळचा केक आला नाही तर पोरांना सण झाल्यासारखं वाटत नाही. करंज्या मात्र शेजाऱ्यांच्या सणाच्या, असं त्यांना शब्बाथशाळेतच कुणीतरी सांगितलेलं असतं.

मग मुद्दा पोटच्या पोरीवर आला. १८८५ च्या सुमारास रमाबाईंना बऱ्याच सिद्धांतांबद्दल शंका होत्या. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे पटत नव्हतं, येशूच्या चमत्कारिक जन्माबद्दल प्रश्न होते. अथनासियच्या नावानं ओळखला जाणारा मतांगीकार तर त्यांना अजिबात मान्य नव्हता. हा मतांगीकार वर्षातल्या ठरावीक तेरा सणावारांना म्हणायची रीत प्रार्थनापुस्तकात होती. त्याची सुरुवातच अशी, की हा विश्वास जो पूर्ण आणि अखंड राखणार नाही त्याचा निःसंशय कायमचा नाश होईल. बाप्तिस्म्याच्या विधीत विचारतात तो प्रेषितांचा मतांगीकार; छोटा, सरळ, आणि त्यात असली धमकी नाही. रमाबाईंचं म्हणणं साधारण असं: मी ज्यावर विश्वास ठेवत नाही ते माझ्या मुलीला शिकवलं जाऊ नये. तिला देवाबद्दल सांगा, ख्रिस्तानं काय शिकवलं ते सांगा. बाकीचं राहू द्या.

इथं मला आजीबाईंची बाजू घ्यावीशी वाटते, निदान पाच मिनिटं. आमच्याकडे रमाबाईंवर लिहिणारे बहुतेक जण जेराल्डिनना खाष्ट गोऱ्या मिशनरीण बाईच्या भूमिकेत उभं करून मोकळे होतात. पण व्यवहार बघा. मठात दिवसातून अनेकदा उपासना, प्रत्येक उपासनेत स्तोत्रं, आणि अँग्लिकन रीतीप्रमाणे प्रत्येक स्तोत्राच्या शेवटी “पित्याला आणि पुत्राला आणि पवित्र आत्म्याला गौरव असो”. चार वर्षांचं पोर हे रोज ऐकतं. त्यानं विचारलं, हे तिघे कोण, तर सांगायचं काय? आईनं सांगू नका म्हटलंय? त्रैक्य वगळून मठात मूल वाढवणं म्हणजे वारकऱ्याच्या घरात पोर ठेवून विठ्ठलाचं नाव त्याच्या कानी पडू देऊ नका म्हणण्यासारखं. शिवाय जेराल्डिनच्या दृष्टीनं त्या बाप्तिस्म्याच्या वेळी वचन दिलं गेलं होतं, देवासमोर. आईला आज शंका आली म्हणून ते वचन रद्द होतं का? त्या दुष्ट नव्हत्या, वचनाला बांधलेल्या होत्या. आणि मनोवर त्यांचा जीव होता, हे पत्रांतून लपत नाही.

पाच मिनिटं संपली. कारण जेराल्डिनची चूकही तितकीच ठळक आहे. शंका म्हणजे गर्व, हे समीकरण त्यांनी मांडलं. रमाबाई प्रश्न विचारत होत्या आणि उत्तर यायचं ते त्यांच्या स्वभावाबद्दल. शब्बाथशाळेत मी स्वतः हे पाप केलंय. दहा वर्षांच्या मुलानं विचारलं, “नोहाच्या तारवात मासे का नव्हते?” आणि मी म्हणाले, “शहाणपणा पुरे.” तो नंतर प्रश्न विचारायचाच बंद झाला. प्रश्न चांगला होता, मलाच उत्तर सुचलं नव्हतं.

मे १८८५ मधलं रमाबाईंचं पत्र या प्रकरणाचा कणा आहे. त्यात त्या लिहितात, की हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टानं सुटले आहे, आता तसल्याच दुसऱ्या जोखडाखाली मान द्यायची माझी तयारी नाही. मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, माझं मन आहे, माझा निर्णय मी करू शकते. हे त्यांनी स्वतःबद्दल लिहिलं. पण जी बाई स्वतःची मान जोखडाखाली द्यायला तयार नाही ती लेकीची कशी देईल? ही भूमिका तर्कानं अगदी नीट आहे. अडचण एवढीच, की त्या वेळी मूल कुणाच्या तरी हाती सोपवल्याशिवाय त्यांना शिकता येत नव्हतं. पैसा मठाचा, छप्पर मठाचं, सांभाळणारे हात मठाचे. एकट्या आईचं तत्त्व आणि पाळणाघराची गरज यांचा असा सामना आजही होतो. फक्त पत्रं लिहायला तेवढी सवड कुणाला नसते.

या सगळ्यात शहाणपणानं वागली ती डोरोथिया बील, चेल्टनहॅमच्या कॉलेजची प्राचार्या. ती स्वतः श्रद्धावान होती आणि शंकांच्या खाईतून जाऊन आलेली होती. तिनं रमाबाईंशी त्रैक्यावर पत्रांतून खरी चर्चा केली, बरोबरीच्या नात्यानं. या बाईवर दडपण आणू नका, तिला विचार करू द्या, असा तिचा सूर होता. तिनं रमाबाईंना पटवलं असं नाही. पण बोलणं तुटू दिलं नाही.

फेब्रुवारी १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेला निघाल्या, मनोला बरोबर घेऊन. काही महिन्यांनी मनोला पुन्हा वाँटेजला पाठवावं लागलं. व्याख्यानांच्या फिरतीत पोर नेणार कुठं? म्हणजे ज्यांच्याशी भांडण झालं त्यांच्याचकडे. हा तपशील मला फार आवडतो. त्रैक्यावर मत जुळलं नाही, तरी लेकराला न्हाऊ घालण्यासाठी आजीबाईंवरचा भरवसा उडाला नव्हता.

एका अटीवर मात्र त्या कायम होत्या. मनो इंग्रज होऊन चालणार नाही. त्यांच्या पत्रात आहे, की हिंदुस्थानच्या लेकींपैकी आपण एक आहोत हे कबूल करायला तिला कमीपणा वाटू नये, आपल्या लोकांचं नाव निघालं की तिनं शरमेनं लाल होऊ नये; तिनं आपल्यातली एक म्हणून लोकांवर माया करावी, कुणी परकी किंवा वरच्या दर्जाची म्हणून नव्हे. प्रार्थनापुस्तक म्हणतं ‘लोकांच्या बोलीत शिकवा’. या मुलीच्या लोकांची बोली कुठली? बापाची बंगाली, आईची मराठी-संस्कृत, आणि सभोवार सगळं इंग्रजी. आई मायदेशी परतली नसती तर उत्तर आपोआप इंग्रजी झालं असतं.

परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. विधवांसाठीची ही शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, कुणाला ख्रिस्ती करायचा प्रयत्न होणार नाही, हे रमाबाईंनी कबूल केलं होतं. मुलींनी आपलं सोवळंओवळं पाळावं, आपली पूजा करावी. मनो आता आठ-नऊ वर्षांची, याच घरात, ब्राह्मण विधवांच्या मधोमध. सगळ्या घरात आपला धर्म वेगळा आहे हे तिला रोज ताटावर बसल्यापासून कळत असणार.

आता दाराचा भाग. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत बायबल वाचत, मनोबरोबर प्रार्थना करत. दार उघडं असे. सदनातल्या काही मुली येऊन बसू लागल्या. कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी घालवूनही दिलं नाही. पुण्यात बोंब झाली. ‘केसरी’नं झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी १८९३ मध्ये अंग काढून घेतलं, पंचवीसेक मुलींना पालकांनी सदनातून नेलं. रमाबाईंचं म्हणणं असं, की माझ्या घरात माझ्या मुलीबरोबर प्रार्थना करायला मी दार का लावू?

वर्गात मी इथं थांबते आणि आईबापांना विचारते: तुमचं दार कसं असतं? बहुतेक जण हसतात. मग हळूहळू कळतं, की बऱ्याच घरांत दार उघडं की बंद हा प्रश्नच नाही, कारण आत काही चाललेलंच नसतं. रविवारी पोराला शब्बाथशाळेत सोडून आईबाप गाडीत मोबाइल बघत बसतात, ते मी खिडकीतून पाहिलेलं आहे. मी त्यांना नावं ठेवत नाही, आठवड्याचा तेवढाच निवांत तास. पण मनोला जे मिळालं ते मतांगीकाराच्या पाठांतरातून मिळालं नाही. तिनं आईला रोज कुणाशी तरी बोलताना पाहिलं, आणि त्या बोलण्यापायी घरातून पंचवीस मुली गेलेल्याही पाहिल्या. बारा वर्षांच्या मुलीला यापेक्षा मोठी प्रश्नोत्तरी कोण शिकवणार?

मधल्या काळात आईच बदलली. १८९१ च्या सुमारास रमाबाईंना वाटू लागलं, की आपण ख्रिस्ती धर्म शोधला पण त्या धर्माचं जीवन जो ख्रिस्त तो अजून सापडलेला नाही. पुढे त्यांनी स्वतःच तसं लिहिलं. त्यांची श्रद्धा कडवी झाली, भावनेनं ओथंबली, आणि शंका मागे पडल्या. १८८५ च्या पत्रांतली बाई आणि ही बाई शेजारी ठेवल्या तर एकीला दुसरी ओळखेलच असं नाही.

आणि इथं या प्रकरणातली मला टोचणारी गोष्ट येते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली-बायका त्यांनी आणल्या. त्यांच्यासाठी केडगावला ‘मुक्ती’ हे आश्रयस्थान उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या, संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. त्यांना अन्न मिळालं, अक्षर मिळालं, विणकाम, छपाई, तेलाचा घाणा, शेती मिळाली. एरवी रस्त्याकडेला मेल्या असत्या. पण ही तटस्थ शाळा नव्हती. इथं मुली ख्रिस्ती म्हणून वाढल्या. १९०५ मध्ये तिथं पुनरुज्जीवनाची लाट आली, मुली तासन्‌तास रडत, ओरडत प्रार्थना करत.

मनोच्या वतीनं आजीबाईंना खरमरीत पत्र लिहायला तिची आई होती. केडगावच्या पोरींच्या आया दुष्काळात गेल्या होत्या. त्यांच्या वतीनं रमाबाईंना कोण लिहिणार? “माझी लेक ज्या घरातली, त्या घराची श्रद्धा तिच्याकडे राहू द्या,” असं म्हणणारं तिथं कुणी नव्हतं. रमाबाईंच्या बाजूनं सांगण्यासारखं पुष्कळ आहे, आणि मी ते सांगतेही. ज्या देवानं आपल्याला तारलं त्याची ओळख लेकरांना न देणं त्यांना उपाशी ठेवण्यासारखंच वाटलं असणार. वाँटेजला जेराल्डिनलाही नेमकं हेच वाटत होतं. वर्गात हे बोलले की एखाद-दुसरं म्हातारं माणूस नाराज होतं. होऊ दे. केडगावचं ऋण मोठं आहे, माझ्या स्वतःच्या घरावर आहे. ऋण आहे म्हणून प्रश्न विचारायचा नाही हे खुद्द रमाबाईंना पटलं नसतं.

मनोरमाचं पुढे काय झालं, हे सगळेच विचारतात. ती इंग्लंड-अमेरिकेत शिकली, न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्ब्रो सेमिनरीत राहिली आणि शतक उलटता उलटता केडगावला परतली. मुंबई विद्यापीठाची बी.ए. झाली. शारदा सदनची शाळा तिनं सांभाळली, गुलबर्ग्याला मुलींची शाळा उभी केली. लग्न केलं नाही. आईचा उजवा हात होऊन राहिली. आईला हवी होती तशी, लोकांत लोकांसारखी. २४ जुलै १९२१ ला, चाळिसाव्या वर्षी ती गेली. नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई गेल्या.

शेवटच्या वर्षांत रमाबाई बायबलचं मराठी भाषांतर पुरं करत होत्या. खेड्यातल्या बाईला कळेल अशी साधी मराठी हवी, म्हणून जड संस्कृत शब्द त्यांनी खड्यासारखे बाजूला काढले. क्रुसावरच्या लॅटिनला संस्कृतानं उत्तर देणारी हीच बाई. तिनं लेकीसाठी एक हट्ट धरला होता, लोकांच्या पोरींसाठी दुसरा धरला. आणि दोन्ही वेळा तिला आपलंच बरोबर वाटत होतं. ग्रंथ १९२४ मध्ये छापून निघाला. पुढे, १९७७ मध्ये, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं रमाबाईंचा तो सगळा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. तो जपून, जुळवून ठेवला होता सिस्टर जेराल्डिननी. ज्या पत्रांत त्यांच्यावरच ताशेरे आहेत तीसुद्धा त्यांनी फाडली नाहीत. आजीबाईंना या एका गोष्टीसाठी मी पैकीच्या पैकी गुण देते.

त्या तरुण बापानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “म्हणजे मी काय करू ते तुम्ही सांगितलंच नाही.” मी म्हटलं, “मतांगीकारातली जी ओळ तुला पटत नाही ती पोरीला पटवायला जाऊ नकोस. पण जी पटते ती तिच्यासमोर, तिला ऐकू येईल अशी म्हण. आणि तिनं विचारलं, की बाबा, ती दुसरी ओळ तुम्ही का म्हणत नाही, तर खरं सांग.” बायको तेवढ्यात बाळ घेऊन आत आली. ती म्हणाली, “मला सगळं पटतं, मी म्हणेन की.” आमच्या विधीत आता आईबापही उत्तर देतात, तेव्हा तशी अडचण नव्हती.

रविवारी बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी मी टॉवेल घेऊन मागे उभी होते. पाळकांनी विचारलं, मंडळीनं आणि घरच्यांनी उत्तरं दिली. दोघं नवरा-बायको एका सुरात म्हणत होते. मध्ये एका ठिकाणी त्याचा आवाज थांबला, तिचा एकटीचाच आला, आणि पुढच्या ओळीला तो परत सामील झाला. बाळानं त्याच्या शर्टाचं वरचं बटण मुठीत धरलं होतं. पाणी डोक्यावर पडल्यावरही तिनं ते सोडलं नाही.